तीन किलोंचा फरक: बेस घ्यावी की एस?

तिचा फोन आला तेव्हा निर्णय झाल्यातच जमा होता. "दादा, एसच घेते. बेस घेतली तर रोज गाडी काढताना चुटपुट लागून राहील." माझी ही चुलतबहीण चार वर्षं 650 सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरांची मोटरसायकल, चालवत होती. तिच्यावर 31 हजार किलोमीटर झाले होते, त्यातले बहुतेक रस्त्यावरचे. वर्षातून पाचसहा दिवस ती ट्रॅकवर जाते. हेल्मेट, लेदर सूट आणि बूट धरून तिचं वजन 64 किलो. हा आकडा आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरलं.

समोर दोन स्पोर्ट बाईक होत्या: 2025 ची डुकाटी पॅनिगाले व्ही2, म्हणजे बेस, आणि तिचीच महाग आवृत्ती व्ही2 एस. मला तिने बोलावलं ते "हो, घे" म्हणायला. मी सस्पेन्शन लावून देण्याचं काम बरीच वर्षं करतोय. महागडी आवृत्ती घेऊन तिचा एकही स्क्रू कधी न फिरवलेले चालक मी इतके पाहिलेत, की "हो, घे" माझ्या तोंडून सहज निघत नाही. म्हटलं, आठवडाभर थांब. दोन्ही गाड्या आधी मोजून बघू.

कागदावरचा फरक

दोन्हींत इंजिन एकच. 890 सीसीचं व्ही-ट्विन, 10,750 आरपीएमला 120 अश्वशक्ती, 8,250 आरपीएमला 93.3 न्यूटन-मीटर टॉर्क. डुकाटीची ओळख असलेली डेस्मो रचना, म्हणजे स्प्रिंगऐवजी यांत्रिक दांडीने व्हॉल्व्ह बंद करणारी, या इंजिनात नाही. व्हॉल्व्ह साध्या स्प्रिंगांनी बंद होतात आणि त्यांची तपासणी 30 हजार किलोमीटरला येते. फ्रेम तीच, ब्रेम्बोचे एम50 कॅलिपर तेच, चाकं तीच, पिरेली डायब्लो रोस्सो 4 टायर तेच. क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय, दोन्हींना. सहा अक्षांचा आयएमयू, म्हणजे गाडीच्या तीन दिशांच्या हालचाली आणि तीन अक्षांभोवतीचं फिरणं सतत मोजणारा सेन्सर, तोही दोन्हींना. त्याच्या जोरावर चालणारं कॉर्नरिंग एबीएस (गाडी झुकलेली असतानाही ब्रेकखाली चाक अडकू न देणारं) आणि ट्रॅक्शन कंट्रोलही (मागचं चाक घसरू न देणारं) दोन्हींना.

फरक पुढे सुरू होतो. बेसला पुढे मार्झोकीचा 43 मिमीचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं दोन नळ्यांचं सस्पेन्शन, आणि मागे कायाबाचा शॉक, म्हणजे मागच्या चाकाचं. दोन्ही पूर्ण ॲडजस्टेबल. एसला पुढे ओलिन्सचा एनआयएक्स30 फोर्क आणि मागे ओलिन्सचाच शॉक. एसला लिथियम-आयन बॅटरी. एसला लाँच कंट्रोल (शर्यतीच्या सुरुवातीला गाडी झपाट्याने सुटावी म्हणून) आणि पिट लिमिटर (पिटमध्ये वेग मर्यादेत ठेवणारा) आधीपासून, बेसला ते ॲक्सेसरी म्हणून. पेट्रोल न धरता बेसचं वजन 179 किलो, एसचं 176.

तीन किलो. टाकी 15 लिटरची आहे आणि एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचं. म्हणजे चार लिटर जाळले की बेस एसच्या वजनाला येते. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती गप्प बसली, कारण तिच्या यादीत "हलकी" हे पहिलं कारण होतं. वजन कुठून कमी झालंय हेही बघावं लागतं. चाक हलकं झालं तर फायदा दुहेरी असतो: ते खड्ड्यावरून लवकर वर-खाली होतं आणि फिरणारं वस्तुमान घटल्याने गाडी वळणात पटकन झुकते. 2018 ची पॅनिगाले व्ही4 आणि व्ही4 एस शेजारी ठेवल्या, तर एसला फोर्ज्ड ॲल्युमिनियमची मार्केझिनी चाकं होती. तिथे हा फायदा हाताला जाणवण्याजोगा होता. व्ही2 एसमध्ये चाकं बेसचीच आहेत, आणि कमी झालेल्या वजनातला मोठा वाटा बॅटरीचा. बॅटरीचं वजन घटलं म्हणून कुणाचं स्टिअरिंग सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही.

पहिली फेरी

विक्रेत्याकडे दोन्ही टेस्ट बाईक होत्या. एकाच दिवशी, एकाच 22 किलोमीटरच्या रस्त्यावर तिने दोन्ही चालवल्या. आधी बेस, मग एस. मी दुसऱ्या गाडीवरून मागे होतो.

परत आली तेव्हा चेहराच सांगत होता. "बेस नुसती आपटते रे. मागचं चाक कमरेत लाथा घालतं. एस रस्त्यावरून वाहते. यात विचार कसला करायचा?"

खरं तर मलाही मागून तेच दिसलं होतं. लागोपाठच्या उंचवट्यांवर बेसचं मागचं टोक टणाटण उडत होतं. पण मला ते जरा जास्तच वाटलं. पूर्ण ॲडजस्टेबल शॉक इतका वाईट वागतो तेव्हा बहुतेक वेळा दोष शॉकचा नसतो, तो कुणीतरी कसा लावून ठेवलाय त्याचा असतो. टेस्ट बाईकवर रोज वेगळा माणूस बसतो. कुणी नव्वद किलोचा, कुणी मागे मित्राला घेऊन, कुणी उत्सुकतेपोटी सगळे स्क्रू फिरवून बघणारा. विक्रेत्याला विचारलं, मोजू द्याल का? नंतर सगळं होतं तसं करून द्यायच्या अटीवर त्याने होकार दिला. त्याचे आभार इथे मानतो, कारण तो नाही म्हणाला असता तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं आणि चुकीच्या कारणाने संपलं असतं.

मोजमाप

आधी टायर. मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबापेक्षा बेसच्या पुढच्या टायरमध्ये 4 पीएसआय जास्त होते, मागच्यात 6. एसमध्ये दाब जवळपास बरोबर. बेसच्या "आपटण्याचा" एक हिस्सा तर इथेच सापडला. टायर हे सस्पेन्शनचं पहिलं अंग आहे. खडीचे बारीक दाणे, डांबराचे सांधे हे शॉकपर्यंत पोचायच्या आधी टायर गिळतो, आणि त्यात हवा जास्त भरली की तो गिळायचं सोडून देतो.

मग सॅग. ज्यांनी कधी मोजला नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

गाडी उचलून धरली, चाक पूर्ण लोंबू दिलं, की मागच्या एक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करायची आणि तेच अंतर पुन्हा घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे फ्री सॅग. मग चालकाने पूर्ण गिअर घालून, पाय पेगवर ठेवून, नेहमीच्या पोझिशनमध्ये बसायचं. एकाने पुढून गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने तिसऱ्यांदा अंतर घ्यायचं. लोंबत्या चाकाशी त्याचा जो फरक येतो तो रायडर सॅग. स्पोर्ट बाईकला मागे रायडर सॅग साधारण 25 ते 35 मिमी आणि फ्री सॅग 5 ते 10 मिमी असा मी धरतो.

बेसच्या मागे रायडर सॅग 18 मिमी आला, फ्री सॅग 4. एसच्या मागे 27 आणि 13.

बेसचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते, बराच आवळलेला होता, बहुधा दोघांसाठी. शिवाय मागचं रिबाउंड डॅम्पिंग जवळपास पूर्ण आवळलेलं. रिबाउंड म्हणजे दाबलेली स्प्रिंग परत उघडताना तिला लावलेला लगाम. तो फार आवळला, की उंचवट्याने चाक वर जातं पण वेळेत खाली येत नाही. तेवढ्यात पुढचा उंचवटा येतो, मग त्याच्या पुढचा, आणि शॉक दर वेळी आणखी आखडत जातो. दोनतीन धक्क्यांनंतर चालकाला वाटतं की शॉकच्या जागी कुणी सळई बसवली आहे. "कमरेत लाथा" म्हणजे नेमकं हेच होतं.

म्हणजे पहिल्या फेरीत तिने मार्झोकी-कायाबाची तुलना ओलिन्सशी केलीच नव्हती. तिने नीट न लावलेल्या गाडीची तुलना जवळपास नीट लावलेल्या गाडीशी केली होती. टेस्ट राइडवरून मत बनवणाऱ्या किती जणांचं असं होत असेल, या विचाराने मी त्या दिवशी खरंच अस्वस्थ झालो. माणूस वर्षानुवर्षं पैसे जमवतो आणि त्याचा निर्णय कुणीतरी परवा फिरवून ठेवलेल्या एका स्क्रूवर ठरतो.

दुसरी फेरी

आठवड्याने पुन्हा गेलो. दोन्ही गाड्यांत मॅन्युअलमधला दाब भरला, सगळे ॲडजस्टर कंपनीच्या मूळ सेटिंगला आणले, मग बेसचा मागचा प्रीलोड रायडर सॅग 28 येईपर्यंत सोडला. या वेळी क्रमही बदलला: एस, बेस, पुन्हा एस. आणि प्रत्येक फेरीनंतर हेल्मेट काढल्या काढल्या तिने फोनमध्ये बोलून ठेवायचं, माझ्याशी एक शब्दही न बोलता. माझ्या तोंडावरचे भाव बघूनसुद्धा माणूस आपलं मत हलवतो.

बेसनंतरच्या नोंदीत पहिलं वाक्य होतं, "ही तीच गाडी आहे का?"

तिच्या तिन्ही नोंदी एकत्र ऐकल्या. इंजिन, ब्रेकची पकड, गिअर बदलणं, वळणात झुकायचा वेग यांत तिला काहीच फरक जाणवला नव्हता, आणि जाणवायला नकोच होता, कारण ते भाग एकच आहेत. फरक दोन ठिकाणी उरला. एक, उतारावर जोरात ब्रेक दाबलेला असताना रस्ता बारीक लाटांचा असेल, तर एसचं पुढचं चाक रस्त्याला चिकटून राहतं. बेसचं किंचित थरथरतं. दोन, वळणाच्या मधोमध गाडी झुकलेली असताना एखादा सांधा आला, तर एस तो एकदाच सांगते, बेस दोनदा.

हे दोन्ही फरक खरे आहेत, आणि ओलिन्सचं नाव ज्यासाठी आहे ते हेच. चांगल्या फोर्कची परीक्षा मोठ्या खड्ड्यात होत नाही. ती होते अगदी छोट्या हालचालीत. फोर्क आधीच ब्रेकखाली दबलेला असतो, नळ्यांवर आडवा ताण असतो, आतलं घर्षण वाढलेलं असतं. अशा वेळी दोन मिलिमीटरच्या उंचवट्याला तो हलतो का, की घर्षणाने अडकून सगळा धक्का हँडलला देतो? एनआयएक्स30 मध्ये कॉम्प्रेशनचं, म्हणजे स्प्रिंग दबताना लगाम लावायचं, काम एका नळीकडे आणि रिबाउंडचं दुसरीकडे दिलेलं आहे, त्यामुळे एक स्क्रू फिरवला की दुसऱ्याचं गणित बिघडत नाही. केंथ ओलिनने 1976 मध्ये स्वीडनमध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या शॉकने दोनच वर्षांत, 1978 ला, गेन्नादी मोइसेयेवसोबत 250 सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. त्या सोनेरी नळ्यांना उगाच मान मिळालेला नाही, आणि तो मान कमी करणं हा माझा हेतू नाही.

पण पहिल्या फेरीत जी दरी वाटली होती, ती आता दोन वाक्यांत मावत होती.

दोन्ही गाड्यांचा एकच प्रश्न

आता 64 किलोकडे येतो. बेसचा प्रीलोड सोडून रायडर सॅग 28 आणला तेव्हा फ्री सॅग 14 झाला. एसचा होता 27 आणि 13. दोन्ही गाड्या सारखंच काहीतरी सांगत होत्या.

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, असं बहुतेक लोक मानतात. तसं होत नाही. प्रीलोडने फक्त गाडी किती उंचीवर बसेल ते बदलतं. 10 मिलिमीटर प्रीलोड सोडा, रायडर सॅग आणि फ्री सॅग दोन्ही सारखेच वाढतात. त्यांच्यातला फरक तसाच राहतो, कारण तो फक्त चालकाच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या ताकदीवर ठरतो. बेसमध्ये आधी 18 वजा 4, नंतर 28 वजा 14. दोन्ही वेळा 14 च. अंगभर गिअर घातलेला पंच्याऐंशी किलोचा माणूस तिथे बसला असता तर हाच फरक वीसच्या आसपास आला असता. रायडर सॅग बरोबर असताना फ्री सॅग फार मोठा येतो, याचा अर्थ चालकासाठी स्प्रिंग कडक आहे.

कंपनीला एकच स्प्रिंग घालायची असते आणि ती मधल्या वजनाच्या चालकासाठी निवडावी लागते. यात कुणाची चूक नाही. पण हलक्या चालकाला त्याचा अर्थ असा, की बेस घ्या वा एस, मागची स्प्रिंग मऊ घ्यावीच लागणार. सोनेरी शॉकला जास्त पैसे मोजल्याने हा प्रश्न सुटत नाही. सेमी-ॲक्टिव्ह इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शननेही सुटत नाही. ते डॅम्पिंग क्षणाक्षणाला बदलतं, स्प्रिंगची ताकद बदलत नाही.

हे तिला कागदावर गणित मांडून दाखवलं. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी एस घेतली असती आणि तीन वर्षं दुसऱ्याच कुणाच्या स्प्रिंगवर बसले असते?"

हो. आणि ती एकटी नसती.

काय नंतर बसवता येतं

इथपर्यंत आल्यावर मी तिला एकच प्रश्न विचारायला सांगितला: महाग आवृत्तीत जे मिळतंय, त्यातलं नंतर बसवता येणार नाही असं काय आहे?

हा प्रश्न प्रत्येक जोडीला वेगळं उत्तर देतो. म्हणून "बेस पुरेशी असते" किंवा "नेहमी टॉप घ्यावी" असं सरसकट सांगणाऱ्यांचं मी ऐकत नाही. 2017 ची सुझुकी जीएसएक्स-आर1000 आणि तिची आर1000आर घ्या. आर1000आरला शोवाचा वरच्या दर्जाचा बॅलन्स-फ्री फोर्क होता, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कॉर्नरिंग एबीएस आणि दोन्ही बाजूंनी चालणारा क्विकशिफ्टर आर1000आरलाच मिळत होते. फोर्क पुढे कधीही बदलता येतो. झुकलेल्या गाडीला ब्रेक लागल्यावर चाकाला किती पकड उरली आहे याचा हिशेब करणारं एबीएस घरी आणून जोडता येत नाही. त्या जोडीत मी तिला क्षणाचाही विचार न करता आर1000आर घ्यायला लावली असती, मग ट्रॅकवर एकही दिवस जाणार नसेल तरी. रस्त्यावर अचानक समोर काही येतं ते वळणातच येतं.

2018 ची व्ही4 एस तिसऱ्या प्रकारची. तिचं ओलिन्स सस्पेन्शन सेमी-ॲक्टिव्ह, गाडीच्या संगणकाला जोडलेलं. बेस व्ही4 ला ते सगळं मागाहून लावायचं म्हटलं तर वायरिंगपासून सुरुवात. 2023 च्या ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल 765 मध्ये तर इंजिनच वेगळं ट्यून केलेलं: आरला 120 पीएस, आरएसला 130, शिवाय आरएसची बसण्याची उंची आणि स्टिअरिंगचा कोनही निराळा. तिथे "आवृत्ती" हा शब्दच अपुरा पडतो.

आणि एक जुना वंश आहे होमोलोगेशनच्या गाड्यांचा. सुपरबाईक वर्ल्ड चॅम्पियनशिप 1988 ला सुरू झाली आणि पहिल्या दोन्ही वर्षी फ्रेड मर्केलने होंडाच्या आरसी30 वर जिंकली. अशा स्पर्धेत उतरवायची गाडी लोकांना विकावीही लागते, म्हणून ती जन्माला येते. पॅनिगाले व्ही4 1103 सीसीची, पण व्ही4 आर 998 सीसीची, कारण चार सिलिंडरांना स्पर्धेत मर्यादा 1000 सीसीची. या गाड्यांना बेसची महाग आवृत्ती म्हणणं अन्यायाचं आहे. त्या वेगळ्याच कामासाठी बनतात.

व्ही2 आणि व्ही2 एसकडे परत येऊ. इथे आयएमयू दोन्हींत. कॉर्नरिंग एबीएस दोन्हींत. क्विकशिफ्टर दोन्हींत. लाँच कंट्रोल आणि पिट लिमिटर नंतर घेता येतात, आणि ती शर्यतीत उतरत नसल्याने ते तिला लागणारही नाहीत. बॅटरी बदलता येते. शॉक बदलता येतो. फोर्कच्या नळ्या तशाच ठेवून आतली कार्ट्रिज, म्हणजे डॅम्पिंगचं काम करणारे संच, बदलता येतात. एसमध्ये जे आहे ते सगळं नंतर येऊ शकतं, टप्प्याटप्प्याने, आणि तेही तिच्या वजनाच्या स्प्रिंगा घालून.

प्रकरण खरं तर इथे फिरलं. सॅगच्या आकड्यांनी तिला धक्का बसला होता, पण मन वळलं ते या यादीने. चुटपुटीची भीती कायमचं काही हुकण्याची होती, आणि इथे कायमचं काही हुकत नव्हतं.

तिची बाजू

ती एवढ्यावर गप्प बसणारी नाही. तिने तीन मुद्दे काढले.

पुन्हा विकताना एसला भाव चांगला येतो. येतो, पण मोजलेला सगळा फरक परत येत नाही, आणि ती गाडी आठ-आठ वर्षं ठेवणारी आहे. दुसरा मुद्दा, भाग सुटे घेत बसलं तर शेवटी एसपेक्षा जास्त खर्च होतो. हा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मान्य केला. सगळंच बदलायचं नक्की असेल तर एस घेणंच स्वस्त. प्रश्न सगळं बदलावं लागेल का, आणि कधी, हा होता.

तिसरा मुद्दा तिने जरा संकोचून मांडला. "मला ते सोनेरी फोर्क आवडतात. हे कारण धरायचंच नाही का?"

धरायचं. मी तिला मनापासून सांगितलं की हे कारण खोटं नाही. स्पोर्ट बाईक कुणी गरजेपोटी घेत नाही. सकाळी चावी फिरवताना ज्या गोष्टीने आनंद होतो ती गोष्ट गाडीचाच भाग असते. फक्त त्या आनंदाला "सुरक्षितता" किंवा "कामगिरी" असं नाव द्यायचं नाही. एस सोनेरी फोर्कसाठी घ्यायची असेल तर तसं स्वतःला सांगून घे, मी पेढे खायला येईन.

तिने आणखी दोन दिवस घेतले. मग बेस घेतली. फरकाच्या रकमेतून मागची मऊ स्प्रिंग आणि दोन वर्षांचे ट्रॅकचे दिवस बाजूला ठेवले, एका चांगल्या प्रशिक्षकाकडचे तीन दिवसांचे धडेसुद्धा. उरलेल्या पैशांना हात लावायचा नाही, असं ठरलं.

अकरा महिन्यांनी

आज गाडीवर 9,400 किलोमीटर झालेत. सहा दिवस ट्रॅकवर. पहिली सर्व्हिसिंग झाल्याबरोबर मागची स्प्रिंग बदलली. आता रायडर सॅग 29, फ्री सॅग 10. पुढचं रिबाउंड दोन क्लिक सोडलं आणि मागचं कॉम्प्रेशन तीन. रस्त्यावर तिची काही तक्रार नाही. एसबद्दल ती बोलत नाही, मीही काढत नाही.

ट्रॅकवरची गोष्ट निराळी, आणि ती लपवली तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. प्रशिक्षकाच्या तीन दिवसांनी तिचं ब्रेकिंग बदललं. पूर्वी ती वळणाच्या बरीच आधी ब्रेक दाबून सोडून द्यायची. आता उशिरा दाबते आणि झुकतानाही हलका ब्रेक धरून ठेवते. म्हणजे फोर्क सगळ्यात दबलेला, वरून गाडी झुकलेली, आणि तिथेच ट्रॅकवर ब्रेकिंगच्या लाटा उमटलेल्या. दुसऱ्या फेरीतल्या नोंदीतली ती "किंचित थरथर" जिथे होती, नेमक्या त्याच जागी ती आता रोजची जाते.

पाचव्या दिवशी तिने मला ट्रॅकवरून फोन केला. पुढचं टोक शेवटच्या वीस मिनिटांत सैल वाटतंय म्हणाली. मी तिला फोर्कच्या नळीला केबल टाय बांधायला सांगितला. साधी प्लॅस्टिकची पट्टी. फोर्क जितका दबेल तितकी ती खाली सरकते आणि तिथेच राहते. किती ट्रॅव्हल, म्हणजे फोर्कच्या हालचालीची किती लांबी, वापरला गेला ते लगेच कळतं. तिने फोटो पाठवला. पट्टी जवळजवळ तळाला टेकली होती.

पुढचा प्रीलोड थोडा वाढवला, कॉम्प्रेशन दोन क्लिक आवळलं. सहाव्या दिवशी पट्टी वर राहिली, पण लाटांवरची थरथर वाढली. दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत, आणि आतली कार्ट्रिज तीच असेपर्यंत साधणारही नाहीत. एसचा फोर्क असता तर? थरथर कमी असती याची मला खात्री आहे. स्प्रिंगा मात्र त्यातही बदलाव्या लागल्या असत्या, आणि प्रशिक्षकाचे तीन दिवस झाले नसते तर ती या जागी पोचलीच नसती.

तिचं वजन ऐंशी किलो असतं आणि ट्रॅकचे दिवस वर्षाला पंधरा असते, तर मी पहिल्याच फोनवर एस घे म्हटलं असतं.

परवा तिने बाजूला ठेवलेल्या पैशांचा हिशेब पाठवला. कार्ट्रिजचा संच, तिच्या वजनाच्या पुढच्या स्प्रिंगा, बसवायची मजुरी. खाली एक ओळ होती: "दादा, रविवारी फोर्क उतरवायचे का? पण आधी सॅग मोजू."

मी फीतपट्टी काढून ठेवली आहे.